झाकण उघडायचा मान

फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. सकाळचे आठ वाजले असतील. कामोठ्याला आमच्या सोसायटीखाली क्लासला निघालेल्या मुलांच्या रिक्षांचा नेहमीचा गोंधळ चालला होता आणि माझे दोन्ही हात पिठात. म्हणून सुनेने, मृणालने, फोन माझ्या कानाशी धरला. माझ्या मैत्रिणीची, नसीमाची, मुलगी आफरीन बोलत होती. "खाला, अम्मी गेली. पहाटे, फज्रच्या नमाजनंतर. झोपेतच." यावर सदुसष्ट वर्षांच्या, तीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या बाईने काय म्हणावं? मी म्हणाले, "अगं, पण मी गुरुवारी येणार होते ना." जणू नसीमाने मला दिलेली वेळ मोडली होती. आफरीन बिचारी म्हणाली, "हो खाला, माहितीये." मृणालने फोन बंद केला आणि माझ्या पुढ्यातली परात हळूच काढून घेतली.

गुरुवारी मी नसीमाला एक गोष्ट सांगणार होते. खरं तर हा गुरुवार चाळीस वर्षं पुढे ढकलला जात होता. सांगायचं होतं एकच वाक्य, आणि विचारायचा होता एकच प्रश्न. पण प्रश्न असा की तो विचारला की वाक्य आपोआप बाहेर पडणार, आणि वाक्य बाहेर पडलं की लोकांपुढे मिरवलेली मी संपणार. म्हणून दर ईदला, दर दिवाळीला मी तिला भेटत होते, पोटभर जेवत होते, आणि न विचारताच घरी येत होते. आता विचारायला समोर कुणी नव्हतं. मी पोचले तेव्हा बायका कुराण वाचत बसल्या होत्या, पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन बंद होतं, आणि वर्षभर त्या घरात जी घुरघुर भरून राहिली होती ती नसल्यामुळे पंख्याचा आवाजसुद्धा मोठा वाटत होता. दुपारी तिला नेलं. मी दारापर्यंत गेले, तिथून परत फिरले. वाक्य माझ्याजवळच राहिलं...

तिला मी शेवटचं भेटले ते त्याआधी तीन आठवडे. पनवेलच्या जुन्या बाजारामागे तिचं दोन खोल्यांचं आणि लांबलचक गॅलरीचं घर. फुप्फुसं दगा देत होती, नाकात नळी होती, पण त्या मशीनचं तिला केवढं कौतुक. "बघ विजू," ती म्हणाली, "जिंदगीभर मी तळ्यातल्या ज्या जीवांच्या मागे लागले त्यांचंच काम हे मशीन करतं. पातळ हवेतून हवं तेवढं उचलायचं, दाट करायचं, आत सोडायचं. ते कार्बन उचलतात, हे ऑक्सिजन. आणि मी बघ, माझ्या त्या बिघडलेल्या म्युटंटसारखी झाले. आतून जमत नाही, म्हणून बाहेरून दाट करून द्यावं लागतंय." एवढं बोलायला ती तीनदा थांबली. घरात मेणाचा वास येत होता, नुकत्या विझलेल्या मेणबत्तीचा. मी आफरीनवर उखडले. "ऑक्सिजन चालू असलेल्या घरात मेणबत्ती? सगळ्यांना उडवायचंय का तुला?" ती गडबडली. "गॅलरीत लावते खाला, दार लावून घेते." "कशाला पण?" तिने आईकडे पाहिलं. नसीमा हसली, हसण्याचा खोकला झाला, तो थांबल्यावर म्हणाली, "लाइट जातात ना अधूनमधून." भर सकाळी. मी तेही मान्य केलं, कारण माझं सगळं लक्ष माझ्या वाक्याकडे होतं. ते ओठांपर्यंत आलं होतं. तिने ते पाहिलं असावं. "बोल," ती म्हणाली. मी म्हणाले, "चहा छान झालाय." तिने नाकातली नळी सारखी केली. मग म्हणाली, "गुरुवारी ये. गुरुवारी मला जरा बरं असतं." त्यानंतरच्या दोन गुरुवारी मला कामं निघाली.

आता त्या वाक्याकडे यायला हवं, आणि त्यासाठी आधी त्या वेळच्या विजयाला भेटायला हवं. ही विजया सत्तावीस वर्षांची, पुण्याहून सुवर्णपदक घेऊन पनवेलच्या कॉलेजात नवीनच लागलेली. कडक खळीच्या सुती साड्या, पर्समध्ये स्वतःचं भिंग, आणि चेहऱ्यावर असा भाव की हे गाव माझ्या येण्याची वाट बघत इतकी वर्षं उगाच ताटकळलं. मोकळी हवा हे तिचं दैवत. वर्गात शिरली की आधी खिडक्या उघडायची, मग हजेरी. मुलं शिंकली तरी खिडक्या बंद होत नसत. मला आज ती रस्त्यात भेटली तर मी समोरच्या फुटपाथवरून जाईन.

नसीमा तिथेच प्रात्यक्षिकं घेणारी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आणि हुद्द्याने लहान. पनवेलमधलं जुनं कोकणी मुस्लिम घराणं, नवरा कुवेतला, घरी सासू. दुपट्टा खांद्यावर घट्ट पिनने लावलेला, कारण बर्नरजवळ काम. तिला वेड होतं ते गावातल्या तळ्याच्या हिरव्या पाण्याचं. त्या पाण्यातले नील-हरित जीव, सायनोबॅक्टेरिया, तिने वेगळे काढून वाढवले होते. पुस्तकात मी त्यांच्याबद्दल बरंच वाचलं होतं. नसीमा मात्र त्यांच्याबद्दल शेजाऱ्यांच्या चौकशा कराव्यात तसं बोलायची. "बिचाऱ्यांची पंचाईत काय आहे सांगू? साखर बनवणारा त्यांचा कारागीर, रुबिस्को, फार मंद. वर गोंधळ्या. समोर कार्बन डायऑक्साइड आला काय, ऑक्सिजन आला काय, जो दिसेल त्याला धरून बसतो. पाण्यात कार्बन आधीच कमी. मग हे काय करतात, बाहेरचा कार्बन ओढून ओढून आत भरतात. शेकडो पट. पण तो वायूच्या रूपात ठेवला तर आला तसा भिंतीतून निघून जाईल. म्हणून आत आल्या आल्या त्याचं बायकार्बोनेट करतात, आपल्या खायच्या सोड्यातलं असतं ना, तेच. त्याच्यावर विद्युतभार असतो, त्याला सहज बाहेर पडता येत नाही. असा साठा झाला की तो जातो आतल्या बारक्या डब्यात, कार्बोक्सिझोममध्ये. तिथे त्याचा पुन्हा वायू होतो, आणि कारागीर बसलाय त्याच डब्यात. आता चहूकडे कार्बनच कार्बन. चुकणार कसा?"

"आणि डब्यातून वायू निसटत नाही?" मी विचारलं, परीक्षकाच्या आवाजात.

"तुमच्यात बिर्याणी दम देऊन करत नाहीत ना, म्हणून विचारतेस. पातेल्याच्या काठाला कणीक लावून झाकण बसवलं की वाफ जाते का कुठे? त्या डब्याच्या भिंतीचं काम तेच. कणीक."

हे कुणी मान्य केलेलं नव्हतं तेव्हा. हा तिचा अंदाज होता, आणि तो पारखायला तिने एक कारभार केला होता. अतिनील दिव्याखाली त्या जीवांना धरून त्यांच्यात बिघाड घडवायचा, आणि हजारोंमधून असा एक शोधायचा ज्याची ही डब्याची व्यवस्था मोडली आहे. तो कसा ओळखायचा? तर साध्या हवेत तो उपाशी मरेल, आणि हवेत कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट वाढवला तरच जगेल. एका काचेच्या प्लेटवर उगवलेले त्यांचे ठिपके जसेच्या तसे दुसऱ्या प्लेटवर उमटवायला मखमलीचा तुकडा लागतो. तो तिने स्वतःच्या निकाहच्या शराऱ्यातून कापला होता. सात महिन्यांनी तिला असा एक ठिपका, तिचा म्युटंट, सापडला. एक. जार हवाबंद करायला ग्रीस हवं होतं, त्याचा अर्ज ऑफिसात पडून होता. मग नसीमा रोज सकाळी घरून लिंबाएवढा मळलेल्या कणकेचा गोळा आणायची. मोठ्या काचेच्या बरणीत त्या ठिपक्यापासून वाढवलेल्या जीवांच्या नळ्या ठेवायच्या, मधोमध मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा, झाकण घालायचं आणि कडेने कणीक थापायची. ज्योत आतला ऑक्सिजन थोडा खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि लहान होत होत विझते. मग बरणी ट्यूबलाइटखाली. "याच्या पेशीत कणीक लावायची राहिली," ती म्हणायची, "म्हणून आपण बाहेरून लावतो." स्टाफरूममध्ये मी याची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. हेही इथे लिहायलाच हवं.

त्या एका ठिपक्यावर तिचं सगळं टांगलेलं होतं. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेतले एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ महिन्याच्या शेवटी येऊन तिचं काम बघणार होते. त्यांना पटलं तर त्यांच्याकडे पीएच.डी. करायची. नाही पटलं, तर नवऱ्याने कुवेतहून तिकीट पाठवायचं आणि तिने जायचं. नवरा समजूतदार होता, त्याने वाट बघायची कबुली दिली होती, पण तेवढ्यापर्यंतच. आणि नेमकी तेव्हा तिची आई उरणला आजारी पडली. सहा दिवस जाणं भाग होतं. बरणी आमचे शिपाई धर्माकाका सांभाळायला तयार होते, पण मी पुढे झाले. "मी आहे ना." नसीमाने थोडा विचार केला, तेव्हा मला त्या विचार करण्याचाच राग आला. शेवटी तिने मला सगळं दाखवलं. "काही झालं तरी रोज बंद कर, विजू. उघडी ठेवू नकोस." मी मान हलवली. मान हलवताना माझ्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं.

पहिले दोन दिवस मी कणीक लावली. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं तर मेणाचा धुरकट, कोंदट भपका नाकात गेला आणि मला त्या नळ्यांची दया आली. खरीखुरी दया. हे जीव इतके हळू वाढतात ते या धुरात कोंडल्यामुळे, हा शोध मला तिथल्या तिथे लागला. बिघाड त्यांच्या पेशीत आहे हे मी ऐकलं होतं, पण पटलं नव्हतं. मेणबत्ती आणि कणीक यांनी कधी विज्ञान होतं का? चार दिवस छान हवा मिळाली की बघा कसे तरारतील, नसीमा परत येईल आणि थक्क होईल, शास्त्रज्ञांना मीच समजावून सांगेन... मी नळ्या बाहेर काढल्या, खिडकीशी स्टँडवर मांडल्या, खिडकी उघडली. वारा सुटला होता. मला स्वतःचं फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी रंग उतरला. त्याच्या दुसऱ्या दिवशी धर्माकाका नळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "आमाला काय कळत नाय बाई, पन ही पोरं उपाशी दिसतात." मी त्यांना झाडू आणायला पाठवलं. मग घाईघाईने नळ्या बरणीत, मेणबत्ती, कणीक. दोन काड्या वाऱ्याने विझल्या, तेव्हा कुठे खिडकी लावली. नसीमा यायच्या दिवशी सकाळी सहाच्या सहा नळ्या पिवळट पांढऱ्या होत्या. खालच्या रॅकवर तळ्याचा मूळ, धडधाकट वाण होता, साध्या हवेत मजेत वाढणारा, गर्द हिरवा. अकरा वाजता ती येणार होती. साडेदहाला मी त्या वाणाच्या सहा नळ्या उचलल्या, त्यांच्यावर म्युटंटची लेबलं चिकटवून त्या बरणीत ठेवल्या, मेलेल्या नळ्या निर्जंतुक करायच्या कुकरमध्ये, ऑटोक्लेव्हमध्ये, टाकल्या. सुवर्णपदक मिळवतानासुद्धा माझे हात इतके सफाईने चालले नव्हते.

ती आली, पर्स खांद्यावर तशीच ठेवून बरणीशी गेली. नळ्या उजेडात धरल्या. "अल्ला, किती हिरव्या," ती म्हणाली. बस, एवढंच. मी जमिनीवरच्या फरश्या मोजत होते. दुसऱ्या दिवशी तिने शास्त्रज्ञांसाठी नळीतले जीव पसरून प्लेट लावल्या. अर्ध्या बरणीत, अर्ध्या उघड्यावर. दोन आठवड्यांनी बघायचं. म्युटंट असेल तर उघड्यावरची प्लेट कोरी राहणार, आणि माझ्या नळ्यांत तर म्युटंट नव्हताच. म्हणजे दोन्ही प्लेट हिरव्या होणार, तिचा दावा खोटा ठरणार, आणि ती विमानात बसणार. हे मला माहीत होतं. तेरा दिवस रोज सकाळी मी लॅबचं दार उघडायच्या आधी बाहेर उभी राहून श्वास घ्यायचे. उघड्यावरच्या प्लेटकडे बघायचं टाळायचे, आणि रोज ठरवायचे, आज सांगते. रोज ती बरणीला कणीक लावत असायची, बोटांनी दाबत, हळूहळू, आणि माझ्याकडे न बघता विचारायची, "काही म्हणत होतीस?" मी म्हणायचे, "नाही, काही नाही."

चौदाव्या दिवशी ते शास्त्रज्ञ आले. उंच, कमी बोलणारे गृहस्थ. नसीमाने उघड्यावरच्या प्लेट त्यांच्यापुढे ठेवल्या. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा त्या कोऱ्या होत्या. एकही ठिपका नाही. मग तिने सुरीने बरणीची वाळलेली कणीक कापली, झाकण काढलं, आणि आतल्या प्लेटवर बारीक हिरवे ठिपके, ओळीत. शास्त्रज्ञांनी भिंग मागितलं. मी माझं दिलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "कणकेची कल्पना कुणाची?" नसीमा म्हणाली, "सासूबाईंची." ते पहिल्यांदा हसले.

तिला पीएच.डी. मिळाली, नवरा चार वर्षांनी कायमचा परत आला, ती आमच्याच कॉलेजात शिकवायला लागली. मी तिच्या आधी, मुदतीपूर्वीच, निवृत्त झाले. सगळं नीट झालं, आणि माझ्या पोटात तो प्रश्न मात्र तसाच. धडधाकट वाण उघड्या हवेत कोरा राहिलाच कसा? वाढायलाच हवा होता. याची दोनच उत्तरं मला सुचत. एक म्हणजे चमत्कार, आणि त्यावर माझा विश्वास नव्हता. दुसरं म्हणजे नसीमाने काहीतरी केलं, उघड्यावरच्या प्लेट अंधारात ठेवल्या, किंवा त्यांच्यावर काही लावलंच नाही. म्हणजे माझ्या मैत्रिणीने फसवणूक केली. नळ्या मी अडाणीपणाने मारल्या, बदलल्या भीतीने, पण हा संशय मी घेतला तो अगदी निवांतपणे, चाळीस वर्षं, तिच्या घरची बिर्याणी खात.

आणि ती बिर्याणी... दर ईदला पातेलं मधोमध यायचं, काठाला भाजून कडक झालेली कणीक, आणि नसीमा सुरी माझ्या हातात द्यायची. "उघडायचा मान विजूचा. तिला उघडायची फार हौस." सगळं घर हसायचं. तिची सासू तर दुपट्टा तोंडावर घ्यायची. मीही हसायचे. हिला कळलंय, असं दर वेळी वाटायचं. मग पहिल्या घासाबरोबर वाटायचं, छे, कळलं असतं तर हिने मला घरात घेतलं असतं का? एकदा तर मी आतल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी फडकं घातलेली बरणी पाहिली होती, झाकणाला कणीक. लिंबाचं लोणचं समजून मी फडकं उचललं, तोच स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "त्याला हात लावू नकोस. तू तरी नकोच." मला वाटलं, मसाल्याचं काही गुपित असेल. सुवर्णपदकाचा एवढाच उजेड.

नसीमा गेली त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी पुन्हा आफरीनचा फोन आला. या वेळी ती रडत होती. "खाला, तीन दिवस घरात चूल नव्हती पेटवली, जेवण शेजारून येत होतं. माणसं येत होती, जात होती. माझ्या लक्षातच नाही आलं. अम्मीचं हिरवं पिवळं पडतंय."

"कसलं हिरवं?"

"तुम्ही या. रिक्षा करून या."

कामोठे ते पनवेल हा रस्ता मी हजार वेळा केला आहे, पण त्या दिवशी प्रत्येक सिग्नल लाल होता आणि रिक्षावाल्याला खांदेश्वरच्या वळणावर कुणीतरी ओळखीचं भेटलं. मी त्याला म्हणाले, "दादा, घरात कुणीतरी उपाशी आहे, चला." तो बिचारा निघाला. मी खोटं बोलत नव्हते, पण हे मला पूर्ण कळलं ते आफरीनने फडकं काढलं तेव्हा. तीच बरणी. आत पाच नळ्या, रंग उतरलेला, फिकट हिरव्यात पिवळा चढलेला. तो पिवळा मी कुठेही ओळखला असता. लेबलवर नसीमाचं अक्षर, आणि म्युटंटचा तोच जुना क्रमांक.

"हे... हे कुठून आलं?"

"घरीच आहे, पहिल्यापासून. अम्मीने तेव्हाच दोन वाटे केले होते, एक लॅबमध्ये, एक घरी. मुंबईच्या संस्थेत दिलेला पुढे कुणाच्या तरी बदलीत मेला म्हणे. आता एवढंच आहे. अम्मी रोज मेणबत्ती लावायची. मशीन आल्यापासून मी लावत होते, गॅलरीत."

मी खाली बसले. "म्हणजे ती उरणला गेली होती तेव्हा..."

"दादीने सांभाळली होती घरची बरणी. सहा दिवस. दादीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दम कळत होता." आफरीन डोळे पुसत होती आणि तिच्या तोंडावर नसीमाचं हसू येत होतं. "अम्मी परत आली, तुमच्या नळ्या बघितल्या. इतका हिरवा आमचा म्युटंट कधीच नव्हता म्हणाली. घरी येऊन रडली आधी. मग दुसऱ्या दिवशी पर्समधून घरची नळी घेऊन गेली. प्लेट त्या नळीतून लावल्या."

"तुला हे सगळं माहीत होतं?"

"घरात सगळ्यांना. दादी तर दुआ करायची तुमच्यासाठी, की या पोरीला अक्कल दे."

प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. पदकवालीने मारलं ते एका निरक्षर बाईने कणकेने जगवलं होतं, आणि जिच्यावर मी फसवणुकीचा संशय घेतला तिने माझी फसवणूक पोटात घातली होती, वर दर ईदला सुरीही माझ्याच हातात दिली होती, मी कधीतरी बोलेन म्हणून. आफरीन आत गेली आणि वाटीत काहीतरी घेऊन आली. लिंबाएवढा कणकेचा गोळा. "अम्मीने सांगून ठेवलं होतं. खालाला बोलव, कणीक मळून दे, आणि म्हणावं, उघडायचा मान खूप झाला. आता लावायचा."

नसीमाने तोच जीव मला दुसऱ्यांदा सोपवला होता. मी मेणबत्तीचा तुकडा नळ्यांच्या तोंडाशी लावलेल्या कापसाच्या बोळ्यांपासून लांब ठेवला, पेटवला, झाकण घातलं. कणीक वळून तिची लांब वळी केली आणि काठाला लावत गेले, बोटांनी दाबत, हळूहळू. मला माहीत नव्हतं की माझी बोटं तिच्यासारखी दाबतात. कुठे फट राहिली तर? दोनदा पुरा फेरा तपासला. ज्योत लहान झाली, निळी झाली... आणि गेली. आफरीनने माझा खांदा धरून ठेवला होता. आम्ही दोघी त्या बरणीसमोर बसून राहिलो, काही दिसणार नाही हे माहीत असूनही.

बरणी आता कामोठ्याला, माझ्या स्वयंपाकघरात आहे. आफरीन आता पुन्हा करंजाड्याला आपल्या घरी गेली, नोकरीच्या वेळा धड नाहीत, म्हणून मी मागून घेतली. रोज सकाळी पोळ्यांच्या कणकेतून एक गोळा आधी बाजूला निघतो. पहिले दहा दिवस माझी झोप उडाली होती. दोन नळ्या गेल्याच, पार पांढऱ्या झाल्या. तिसरीचं काही सांगता येत नव्हतं. अकराव्या दिवशी उरलेल्यांपैकी एकीत तळाशी, काचेला चिकटून, हिरवी कड दिसली. नखाएवढी. मी आफरीनला फोटो पाठवला आणि तिने लगेच फोन केला.

मृणालला या सगळ्याचं काहीच ठाऊक नव्हतं. परवा सकाळी मी कणीक लावायला घेतली तेव्हा ती चहाचा कप घेऊन बाजूला उभी राहिली, नाक वर केलं आणि फार मायेने म्हणाली, "आई, किती कोंदट वास येतो हो यात. बिचाऱ्यांना जरा वेळ मोकळं ठेवू या का? खिडकीपाशी?"

मी तिच्याकडे पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं वय, हुशार, मनाने चांगली. "बस," मी म्हणाले, आणि अर्धा गोळा तिच्या हातात दिला. ती बाजू तिने लावली, ही मी. लावता लावता मी तिला सगळं सांगितलं, मखमलीपासून ऑटोक्लेव्हपर्यंत, एकही गोष्ट न गाळता. ती कणीक दाबत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे तेव्हाच्या त्या... तुम्हीच मारल्यात?"

"हो," मी म्हणाले. "मी मारल्या. आणि बदलल्या. आणि वर तिच्यावरच संशय घेतला."

आमच्या दोन्ही बाजू मधे येऊन जुळल्या. काचेच्या आत ज्योत वाकली, बारीक झाली, विझली, आणि धुराची एक रेघ झाकणापर्यंत जाऊन तिथेच पसरली.

"आता?" मृणालने विचारलं.

"आता त्यांची जेवणं," मी म्हणाले, आणि बरणीवर फडकं न घालता ती उजेडात सरकवली.